परदेशात ट्रेडमार्क: माद्रिदमार्गे जावं की थेट त्या देशात?

मसाले-लोणच्यांचा माल अमेरिकेत आणि दुबईत जायला लागला की दुसऱ्या-तिसऱ्या कन्साइनमेंटपाशी हा प्रश्न येतोच. भारतातली नोंदणी सीमेबाहेर उपयोगाची नाही, एवढं ठाऊक आहे असं धरून पुढे लिहितो. रस्ते दोन. एक, वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) जाणारा माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराचा, भारतातल्या अर्जावर किंवा नोंदणीवर आधारलेला एकच अर्ज. दुसरा, प्रत्येक देशात तिथल्या वकिलामार्फत वेगळा अर्ज.

कागदावर माद्रिद लगेच आवडतं. भारत 8 जुलै 2013 पासून त्यात आहे. एमएम2 फॉर्म इथूनच ऑनलाइन भरायचा, भारतीय कार्यालयाची फी 5,000 रुपये, वायपोची मूळ फी काळ्या-पांढऱ्या चिन्हाला 653 स्विस फ्रँक आणि रंगीत असेल तर 903. त्यावर निवडलेल्या प्रत्येक देशाची फी वेगळी. पुढे पत्ता बदलला, मालकी बदलली, दहा वर्षांनी नूतनीकरण आलं, तरी सगळं एकाच ठिकाणी होतं. सहा-सात देश असतील तर या सोयीला तोड नाही.

पण यादीत अमेरिका असेल तर माझं मत थेट अर्जाकडे झुकतं, आणि त्याचं कारण एकच: मालाची यादी.

आपल्याकडे अर्जात ‘सर्व प्रकारचे मसाले व खाद्यपदार्थ’ असं ऐसपैस लिहायची सवय आहे. अमेरिकी ट्रेडमार्क कार्यालयातल्या परीक्षकाला ‘खाद्यपदार्थ’ चालत नाही. नेमका कोणता पदार्थ, ते हवं. माद्रिदच्या अर्जातली यादी भारतातल्या मूळ अर्जाच्या आतच बसावी लागते. ती कमी करता येते, वाढवता येत नाही. त्यात क्लासची, म्हणजे मालाच्या ठरलेल्या वर्गांची, भानगड. लोणचं क्लास 29 मध्ये येतं, चटणी आणि मसाले 30 मध्ये. मूळ अर्ज फक्त 30 चा आणि लोणचंही त्यातच कोंबलेलं, असे अर्ज काही कमी नसतात. वायपोच्या नजरेला ते आलं तर त्रुटीची नोटीस निघते, आणि तिचं उत्तर तुम्ही परस्पर देऊ शकत नाही. ते भारतीय कार्यालयामार्फतच, तीन महिन्यांच्या आत जावं लागतं. नजरेतून सुटलं तर आणखी वाईट: माद्रिदमार्गे अमेरिकेत पोचलेल्या अर्जाचा क्लास तिथे बदलता येत नाही. लोणचं सोडून द्यावं लागतं, म्हणजे जे विकता तेच संरक्षणाबाहेर राहतं.

शिवाय असा आक्षेप आला की अमेरिकी वकील लागतोच. परदेशी अर्जदाराला ऑगस्ट 2019 पासून ते बंधनकारक आहे. वकील वाचवायला माद्रिद घ्यायचं आणि सहा महिन्यांच्या मुदतीत घाईघाईने वकील शोधायचा, यात बचत कुठली? 2025 च्या दरवाढीनंतर तर फीचा हिशेबही उलटा पडतो: माद्रिदमार्गे अमेरिकेची फी क्लासमागे 600 डॉलर, थेट अर्जाची 350. थेट अर्जात मालाचं वर्णन अमेरिकी कार्यालयाच्या तयार सूचीतून उचलावं. स्वतःच्या शब्दांत लिहिलं की क्लासमागे 200 डॉलर जादा. वकिलाची फी यात धरलेली नाही, पण निदान ती एकदाच आणि ठरवून दिली जाते.

माल तिथे आधीच विकला जात असेल तर थेट अर्ज वापराच्या आधारावर करता येतो. पहिल्या विक्रीची तारीख आणि पाकिटाचा फोटो लागतो. फोटोत नाव अर्जातल्यासारखंच आणि स्पष्ट दिसायला हवं. आयातदाराचं स्टिकर नेमकं त्यावर चिकटलेलं नको. या आधारावर केलेला अर्ज भारतातल्या नोंदणीवर अजिबात अवलंबून नसतो. माद्रिदची नोंदणी मात्र पहिली पाच वर्षं मूळ भारतीय चिन्हाला बांधलेली असते. मूळ अर्जाला या काळात कुणी विरोध केला आणि निकाल सातव्या वर्षी विरुद्ध गेला, तरी बाहेरची नोंदणी पडते. तीन महिन्यांत प्रत्येक देशात वेगळा अर्ज करून मूळ तारीख वाचवता येते, पण म्हणजे टाळलेला खर्च शेवटी करायचाच. माद्रिदच घ्यायचं असेल आणि तारखेची घाई नसेल, तर निदान नोंदणी पूर्ण झालेल्या चिन्हावर घ्यावं.

माद्रिदचंही पारडं एका ठिकाणी जड आहे, ते म्हणजे संयुक्त अरब अमिरात. तिथे थेट अर्जाला मुखत्यारपत्र लागतं आणि ते दूतावासापर्यंत साक्षांकित करत न्यावं लागतं. 28 डिसेंबर 2021 पासून अमिरात माद्रिदमध्ये आल्यामुळे आक्षेप येईपर्यंत ही फरफट वाचते. फी चढी आहे, तरी तिथे मी माद्रिदच सुचवेन. नेपाळ, बांगलादेश, दक्षिण आफ्रिका माद्रिदमध्ये नाहीत. तिथे निवडीचा प्रश्नच नाही.

नवा धंदा असेल तर क्रम असा ठेवावा. भारतातला अर्ज आधी, पण यादी नेमकी आणि क्लास बरोबर. नाव फक्त देवनागरी लेबलात असेल तर रोमन अक्षरांतल्या नुसत्या नावाचा वेगळा अर्जही त्याच वेळी टाकावा, कारण माद्रिदमध्ये चिन्ह मूळ अर्जातलं जसंच्या तसं लागतं. मग सहा महिन्यांच्या आत अमेरिकेत थेट आणि अमिरातीसाठी माद्रिद. दोन्हीकडे भारतातल्या अर्जाचीच तारीख मागता येते.

अमेरिकेत कुठल्याही मार्गाने नोंदणी झाली तरी पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या दरम्यान वापराचं प्रतिज्ञापत्र थेट अमेरिकी कार्यालयाला द्यावं लागतं. माद्रिदवाल्यांकडून हे जास्त सुटतं, कारण वायपोचं नूतनीकरण दहा वर्षांनी असल्याने तोवर काही करायचं नाही असा समज होतो. उशीर झाला तर सहा महिन्यांची सवलत मिळते, जादा फी भरून. त्यानंतर अमेरिकेतली नोंदणी रद्द.