दुपारी चारला काय घ्यायचं? चहा, कॉफी, उसाचा रस की ताक

उन्हाळा लागला की आमच्या ऑफिसात चारच्या सुमाराला हा वाद ठरलेलाच, एकजण म्हणणार चहाने अंगातलं पाणी कमी होतं, दुसरा म्हणणार रस घे रे नॅचरल असतो. पहिल्याचं फारसं खरं नाही. रोज चहा पिणाऱ्याला दोनतीन कपांनी काही डिहायड्रेशन होत नाही, चहा म्हणजे बहुतेक पाणीच की.

चहा आणि कॉफीत खरा फरक कॅफिनचा. चहाच्या कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम, कॉफीच्या मगात 80-100 सहज. मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साचत गेलं की झोप येते, कॅफिन नेमकी त्याची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी. पण शरीरातून निम्मं कॅफिन जायलाच पाच एक तास लागतात, म्हणजे पाचला घेतलेली स्ट्राँग कॉफी रात्री दहाला अर्धी तुमच्यासोबत जागीच. झोपेची तक्रार असेल तर कॉफी सकाळीच उरका. चहाची गोची वेगळी, जेवणावर लगेच घेतला तर भाजी-डाळीतलं लोह नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर तासभर थांबा, आणि ताटात लिंबू पिळा, त्याने उलट मदत होते.

आता रस. मला जाम आवडतो, आलं-लिंबू घातलेला तर विचारूच नका, पण बर्फ कमी असेल तर 200 मिलीच्या ग्लासात 25 ग्रॅमच्या आसपास साखर जाते. डब्ल्यूएचओ सांगते की दिवसभरात वरची साखर 25 ग्रॅमच्या आत असलेली बरी, आणि फळांचे रसही त्यातच धरते. कोल्ड्रिंकही साधारण तितकंच गोड. अर्थात दोन चमचे साखरेचे चार चहा रिचवणाऱ्याने रसाला नावं ठेवू नयेत, हिशोब तिथेही 35-40 ग्रॅमवर जातो!

उन्हातून आल्यावर माझं मत ताकाला. पाणी, मीठ दोन्ही मिळतं, साखर घालायची नसते, आणि दूध न पचणाऱ्या बऱ्याच जणांना ताक चालतं कारण विरजणात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, थोडं कमी होतं. बीपी असेल तर मीठ बेताने. शहाळंही छान, फक्त किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच, पोटॅशियम बरंच असतं त्यात.

मी सध्या बाहेरून आलो की ताक आणि ऑफिसात असलो की अर्धा चमचा साखरेचा कटिंग, टपरीवाला अजून दरवेळी विचारतो, "साहेब, शुगर निघाली काय?"