पसंतीक्रम आमचा, पासवर्ड त्याचा

२०२४ च्या पावसाळ्यात माझ्या मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाचा अर्ज भरताना आमची फसवणूक झाली. तीत पैसे गेले अठरा हजार, पण त्याहून मोठे नुकसान असे की जे महाविद्यालय तिने कधी मागितलेच नव्हते, तिथे तिला चार वर्षे काढावी लागणार आहेत. अर्जाच्या कोणत्या पायरीवर आम्ही काय गमावले, हे इतर पालकांना कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

राज्यातील विद्यापीठांशी संलग्न असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी प्रत्येक विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करायचा नसतो. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे ज्याला सगळे सीईटी सेल म्हणतात, तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया राबवतो आणि एकाच अर्जातून सगळ्या महाविद्यालयांचे पर्याय देता येतात. हे मला ढोबळपणे माहीत होते. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता गव्ह डॉट इनने संपतो, असेही कुठेतरी वाचले होते. पण सीईटी सेलचे खरे संकेतस्थळ महासीईटी डॉट ओआरजी या नावाखाली आहे, त्यामुळे मला शंका आली ती खऱ्या संकेतस्थळाची, आणि बसस्थानकाजवळच्या गाळ्यात ‘अधिकृत प्रवेश सुविधा केंद्र’ अशी पाटी लावून बसलेल्या माणसाबद्दल मात्र काहीच वाटले नाही. खरी सुविधा केंद्रे ही शासनाने नेमलेली महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने असतात आणि त्यांची यादी संकेतस्थळावरच दिलेली असते, हे मला नंतर समजले.

त्या माणसाने पंधरा हजार रुपये सांगितले. “काका, अर्जापासून अॅडमिशनपर्यंत सगळं माझ्याकडे, तुम्ही फक्त कागद आणून द्या,” असे तो म्हणाला. नोंदणी करताना त्याने अर्जात मोबाईल क्रमांक आणि ईमेल दोन्ही स्वतःचे टाकले. “ओटीपी वेळेवर यायला हवा, तुमच्याकडे रेंज नसते,” हे त्याचे कारण त्या वेळी आम्हाला सोयीचेच वाटले, कारण रेंज खरोखरच नसते. पुढे जे काही घडले त्याचे मूळ या एका नोंदीत आहे. ज्याचा क्रमांक, त्याच्याकडे पासवर्ड, आणि ज्याच्याकडे पासवर्ड, त्याच्या हाती अर्ज.

पुढची पायरी कागदपत्रांच्या पडताळणीची. आम्ही इतर मागास वर्गातले, त्यामुळे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि ३१ मार्च २०२५ पर्यंत वैध असलेले नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र लागत होते. तिन्ही आमच्याकडे होती. घरबसल्या ई-पडताळणीचा पर्याय आहे, त्यात कागद स्कॅन करून चढवायचे असतात आणि काही चूक निघाली तर अर्ज दुरुस्तीसाठी उमेदवाराच्या लॉगिनमध्ये परत येतो. आमचाही तसा परत आला, कारण एका प्रमाणपत्राचे स्कॅन पुसट होते. दोन मिनिटांच्या या कामाला त्याने “वरपर्यंत जाऊन त्रुटी काढून घ्यावी लागेल” असे नाव दिले आणि आणखी तीन हजार घेतले. त्याच वेळी बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखलाही “तपासणीसाठी” ठेवून घेतला. ई-पडताळणीला मूळ कागद लागतच नाहीत, हे विचारण्याचे आम्हाला सुचले नाही.

गुणवत्ता यादी लागली आणि पसंतीक्रमाचा अर्ज, म्हणजे ऑप्शन फॉर्म, सुरू झाला. इथे मी थोडे थांबून सांगतो, कारण खरी चोरी इथे झाली. मुलीने आदल्या वर्षीचे फेरीनिहाय कटऑफ पाहून बेचाळीस पर्यायांची यादी वहीत केली होती; वर अवघड महाविद्यालये, मध्ये मिळण्यासारखी, खाली खात्रीची. जागावाटप करताना संगणक उमेदवाराची यादी वरून खाली तपासतो आणि ज्या पर्यायासाठी गुणवत्ता पुरते असा सर्वांत वरचा पर्याय देतो. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर ती जागा आपोआप गोठवली जाते, आणि उमेदवार ती स्वीकारो वा न स्वीकारो, पुढच्या फेऱ्यांचे दार त्याला बंद होते. नियम म्हणून यात अन्याय नाही. स्वतः पहिला मागितलेला पर्याय मिळाला तर तक्रार कसली? मात्र पहिला पर्याय दुसऱ्याच कोणी लिहिला, तर हाच नियम गळफास होतो.

त्याने आमच्या वहीप्रमाणे बेचाळीस पर्याय भरले, त्याची छापील प्रत दाखवली, मुलीने प्रत्येक ओळ पेन्सिलीने तपासली आणि आम्ही समाधानाने घरी आलो. ती प्रत कच्च्या, म्हणजे अजून निश्चित न केलेल्या, अर्जाची होती. रात्री त्याने पुन्हा लॉगिन करून सगळे पर्याय एक-एक जागा खाली सरकवले, वर एका खासगी महाविद्यालयाचा सांकेतिक क्रमांक घातला आणि स्वतःच्या मोबाईलवर आलेल्या ओटीपीने अर्ज निश्चित केला. त्या महाविद्यालयाचा कटऑफ माझ्या मुलीच्या ९१ पर्सेंटाइलच्या कितीतरी खाली होता, म्हणजे जागा मिळणार हे ठरलेलेच होते. निश्चित केलेल्या अर्जाच्या प्रतीवर वेळ छापलेली आहे, रात्री अकरा वाजून काही मिनिटे. त्या वेळी आम्ही जेवून झोपलो होतो.

वाटपाच्या दिवशी तो पेढे घेऊन घरी आला. “पहिल्याच फेरीत काम झालं, ताईचं नशीब,” असे म्हणत त्याने जागा स्वीकृतीचे शुल्कही भरून टाकल्याचे सांगितले. मुलगी काही बोलली नाही, वही आणून तिने माझ्या पुढ्यात ठेवली. महाविद्यालयाच्या प्रवेश विभागातील कोणीतरी नंतर बोलता बोलता सांगून गेले की असे ‘मार्गदर्शक’ प्रत्येक विद्यार्थ्यामागे महाविद्यालयाकडून पैसे घेतात. ते खरे की खोटे हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही.

जागा सोडून द्यावी, असा विचार आम्ही दोन दिवस केला. फेऱ्या संपल्यावर रिक्त जागांसाठी महाविद्यालयांकडे थेट अर्ज करता येतो. परंतु त्याच वर्षी जुलैमध्ये शासनाने वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले होते, आणि ती सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच होती, संस्थास्तरावरील प्रवेशाला नव्हती. चार वर्षांचे शुल्क भरण्याची ऐपत आमच्यात नाही. शिवाय मूळ गुणपत्रिका त्याने परस्पर त्या महाविद्यालयात जमा केली होती. महाविद्यालयाने मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच बजावले आहे, पण हे हाती कागद घेऊन सांगायला मला दोन आठवडे लागले आणि तोवर मुदत संपली होती. मुलगी तिथेच शिकते आहे.

पोलीस ठाण्यात मी अर्ज दिला. पंधरा हजार रोख दिले होते, पावती नव्हती. फक्त तीन हजारांचा यूपीआय व्यवहार दाखवता आला. तोही दहा दिवस जुना झाला होता. पैसे जाताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवले तर ते पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते, हे ठाण्यातल्याच एका हवालदाराने सांगितले. पासवर्ड आम्हीच त्याच्या हाती दिला होता, त्यामुळे “तुमच्या संमतीनेच भरला ना?” या प्रश्नावर माझ्याकडे पेन्सिलीच्या खुणा असलेली ती कच्ची प्रत आणि रात्रीच्या वेळेची पक्की प्रत एवढेच होते. दोन्ही मी जोडल्या आहेत. चौकशी सुरू आहे, असे उत्तर मिळते.

पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच गाळ्यावर नवी पाटी लागली, नाव निराळे, माणूस तोच. बाहेर पाच-सहा पालक हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन उभे होते. मी त्यातल्या एका बाईंना विचारले, “ताई, अर्जात मोबाईल नंबर कोणाचा टाकलाय?” त्यांनी आत खुर्चीकडे बोट दाखवले.