दाते पंचांग: घ्या आणि आकाशाशी ताडून बघा

आमच्याकडे दाते पंचांग येतं, सोलापूरचं, सासऱ्यांच्या वडलांपासूनची सवय आहे ती. मी भविष्य मानत नाही, मुहूर्त बघून काही खरेदी करत नाही, आणि तरी घरात हे पुस्तक सगळ्यात जास्त मीच उघडते. कारण एकच, यातल्या निम्म्या पानांवर जे छापलंय ते खरं आहे का हे आपल्याला गच्चीवर जाऊन तपासता येतं आणि ते खरं निघतं. रिव्ह्यू दात्यांच्या पंचांगाचा असला तरी यातलं बरंचसं दृक्गणिताने, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष दिसतं त्याच्याशी जुळणाऱ्या गणिताने केलेल्या कुठल्याही चांगल्या मराठी पंचांगाला लागू आहे.

आधी रोजची पानं. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं, आणि वार सोडून प्रत्येकापुढे ते किती वाजता संपतं ते. बहुतेक लोक फक्त चतुर्थी एकादशी बघून पान उलटतात, पण तिथी म्हणजे नेमकं काय हे एकदा कळलं ना की अख्खं पान वाचावंसं वाटतं. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी संपली, असे ३० तुकडे म्हणजे ३६० अंश, एवढंच. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. आता २०२६ चाच पाडवा बघा, १९ मार्चला सकाळी अमावस्या संपली ६:५२ च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे सूर्य उगवून झाल्यावर, आणि प्रतिपदा संपली दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत, सूर्योदयाच्या आधी. म्हणजे प्रतिपदेला एकही सूर्योदय मिळाला नाही, तिचा क्षय झाला, आणि गुढी तरीही १९ तारखेलाच. शेजारच्या काकू विचारत होत्या की अमावस्येला गुढी कशी उभारायची, त्यांना हे पान दाखवलं आणि कागदावर सूर्य चंद्र काढून दाखवले, दोन मिनिटांत पटलं त्यांना. श्रद्धेला धक्का न लावता खगोलशास्त्र शिकवायचं असेल तर यापेक्षा चांगलं पुस्तक मला तरी माहीत नाही.

आणि ही जी मिनिटं छापलेली असतात ना ती अशीच आलेली नाहीत, त्यामागे मोठं भांडण आहे. जुने शास्त्री म्हणायचे 'बाणवृद्धी रसक्षय', म्हणजे तिथी ६० घटिकांपेक्षा (६० घटिका म्हणजे २४ तास) फार तर ५ घटिका वाढेल आणि फार तर ६ घटिका कमी होईल, म्हणजे साधारण साडेएकवीस ते २६ तास. पण प्रत्यक्ष आकाशातला चंद्र तेवढ्यात मावत नाही, तिथी कधी २० तासांची होते तर कधी पावणेसत्तावीस तासांची. जुन्या ग्रंथांतलं चंद्रगणित मुख्यतः पौर्णिमा अमावस्येला जुळवलेलं होतं कारण ग्रहणं तेव्हाच होतात आणि चूक झाली की गावाला दिसते, पण अष्टमीच्या आसपास सूर्याच्या ओढीमुळे चंद्र पुढेमागे होतो तो हिशोब त्यात नव्हता, त्यामुळे तिथे तिथीची वेळ काही तासांनी चुकायची. मग प्रश्न असा की ग्रंथ मानायचा की आकाश? मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त आदर वाटतो तो याचं उत्तर 'आकाश' असं देणाऱ्या आपल्याच लोकांबद्दल, आणि ती सगळी श्रद्धाळू माणसं होती हे विशेष.

कोकणात मुरुडजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ आणि त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ, यांनी जुन्या ग्रंथांवरून येणारे ग्रह आणि दिसणारे ग्रह जुळत नाहीत म्हणून स्वतः वेध घेऊन, म्हणजे आकाशात मोजून, आकडे बदलले. गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव हा ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे १५२० सालचा, आणि पुढे कितीतरी पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगं त्यावरून झाली. मग ग्रहलाघवही आकाशापासून सरकायला लागला तेव्हा केरूनाना छत्र्यांनी युरोपातल्या कोष्टकांच्या आधाराने १८६५ पासून पटवर्धनी पंचांग सुरू केलं. तिकडे ओडिशात सामंत चंद्रशेखर, ज्यांनी दुर्बीण न वापरता, बांबूच्या साध्या साधनांनी चंद्राच्या गतीतले हे बारीक फरक शोधून काढले, आणि त्यांच्या गणिताने पुरीच्या जगन्नाथाचे विधी ठरायला लागले. देवळातल्या पूजेची वेळ नुसत्या डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणावरून सुधारली गेली, हे आपल्या पोरांना शाळेत का शिकवत नाहीत मला खरंच कळत नाही.

ग्रहणाचं पान माझं सर्वात आवडतं. स्पर्श (ग्रहण लागणं), संमीलन (पूर्ण झाकलं जाणं), मध्य, उन्मीलन (पुन्हा उघडायला लागणं), मोक्ष (सुटणं), सगळ्या वेळा दिलेल्या. २०२५ ला ७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, खग्रास चंद्रग्रहण होतं. ढग येऊनजाऊन होते पण ९:५७ चा स्पर्श आमच्या गच्चीवरून दिसला, डाव्या बाजूने कड काळवंडायला लागली आणि मुलगी घड्याळ धरून उभी होती. अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण तांबडा झाला आणि जवळजवळ ८२ मिनिटं तसाच. सासूबाई आत जप करत बसल्या होत्या आणि आम्ही वर बघत होतो, दोघींच्या हातात वेळा एकाच पुस्तकातल्या. त्यांना काय दिसलं ते मी खाली येऊन सांगितलं, त्यांनी राहू विचारला, तर राहूही याच पुस्तकात आहे म्हणून दाखवला. ग्रहस्पष्टाच्या, म्हणजे ग्रह कुठे आहेत त्याच्या, कोष्टकात राहूला अंश कला दिलेल्या असतात कारण चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाला पाच अंशांनी कललेली आहे आणि ती जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू केतू, उलटे फिरतात, साडेअठरा वर्षांत एक फेरी. सूर्य चंद्र त्या बिंदूंच्या जवळ असताना पौर्णिमा अमावस्या आली तरच ग्रहण. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या शेवटी, ४९९ च्या सुमारास, ग्रहण हा सावलीचा खेळ आहे हे स्पष्ट लिहून ठेवलंय. आणि त्याच कोष्टकात राहू केतूच्या शेजारी हर्षल, नेपच्यून, प्लुटो, म्हणजे १७८१, १८४६ आणि १९३० ला दुर्बिणीतून सापडलेले. मला ते पान फार सुंदर वाटतं.

संक्रांतीबद्दल थोडं. दिवस मोठा व्हायला लागतो २१-२२ डिसेंबरपासून, पण संक्रांत आपण करतो १४ किंवा १५ जानेवारीला, आणि आपण पोरांना सांगतो की संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. यात खोटं कुणी बोललेलं नाही, पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो आणि त्यामुळे तारे धरून मोजलेली संक्रांत ऋतूंपासून ७०-७२ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमारास होतं. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी १८६३, आता बघा ती कुठे आलीय.

हा फरक किती धरायचा, म्हणजे अयनांश, यावर महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या वाद झालेत. राशिचक्राची सुरुवात केरूनाना आणि त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक रेवतीचा तारा धरून मोजायचे, बाकीचे चित्रेचा तारा धरून (हाच चित्रापक्ष), फरक सुमारे चार अंशांचा. म्हणून टिळक पंचांगवाल्यांची संक्रांत १० जानेवारीला येते आणि काही वर्षी त्यांचे गणपती महिनाभर आधी. स्वतंत्र भारतात १९५२ ला मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधार समिती झाली, त्यात केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी होते, एन. सी. लाहिरी सचिव. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शक दिनांक सुरू झाला तो ऋतूंना धरून, सणांसाठी मात्र चित्रापक्ष राहिला. एक पक्का भौतिकशास्त्रज्ञ देशभरातली पंचांगं समोर घेऊन बसतो, ती हसण्यावारी न नेता त्यातल्या चुका दुरुस्त करतो, मला हे फार मोठं काम वाटतं.

आता जे मला पटत नाही ते. मागची राशिभविष्याची, संवत्सरफलाची (वर्ष कसं जाईल त्याची) आणि गुणमेलनाची पानं. ती छापली जातात कारण लोकांना हवी असतात हे समजतं, पण पुढच्या पानांवरच्या अचूक मिनिटांचा विश्वास लोक नकळत या पानांवरही टाकतात आणि तिथे मला स्पष्ट बोलावंसं वाटतं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी अंनिसबरोबर (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) हे तपासून बघितलं होतं, हुशार आणि मतिमंद मिळून २०० मुलांच्या कुंडल्या, २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या बघून ओळखायचं की मूल कुठल्या गटातलं, आणि बरोबर आले ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते. गुण जुळत नाहीत म्हणून मोडलेली स्थळं मी जवळून बघितलीयत, त्या मुलींचा यात काय दोष. व्रत करा, सण करा, पण त्या कोष्टकावरून कुणाचं आयुष्य ठरवू नका ही माझी मनापासून विनंती आहे.

ॲप का नको? एक ॲप वापरून बघितलं, संकष्टीला चंद्रोदय चुकीचा दाखवत होतं, बघितलं तर लोकेशन आपोआप दुसऱ्याच शहराचं लागलेलं. मुंबई आणि नागपूरमध्ये रेखांशामुळेच पंचवीस मिनिटांचा फरक पडतो, सासूबाई उपाशी बसलेल्या असतात तेव्हा पंचवीस मिनिटं खूप असतात. छापील पंचांगात निदान कुठल्या गावाची वेळ आहे ते लिहिलेलं असतं. परदेशातल्यांनी मात्र इथलं पंचांग तसंच्या तसं वापरू नये, तिथी जगात सगळीकडे एकाच क्षणी बदलते पण सूर्योदय वेगळा, त्यामुळे न्यू जर्सीला नणंदेची एकादशी कधीकधी वेगळ्या तारखेला येते आणि ते बरोबरच असतं.

छपाई बारीक आहे, चष्मा लागतोच, आणि करण, योगाची छोटी अक्षरं नवीन माणसाला पहिल्यांदा कोडंच वाटतात, घरातल्या मोठ्यांकडून एकदा वाचून घ्या. किंमत सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी.

ज्यांच्याकडे २०२६ चं पंचांग आहे त्यांनी १७ मे ते १५ जूनची पानं उघडा. अधिक ज्येष्ठ आहे. ज्या चांद्रमासात सूर्य राशी बदलत नाही तो अधिक. वृषभ संक्रांत १५ मेला, महिना सुरू व्हायच्या आधीच होऊन जाते, आणि मिथुन संक्रांत १५ जूनला दुपारी एकच्या सुमारास, त्याच दिवशी सकाळी साडेआठच्या आत अमावस्या संपलेली असते, म्हणजे जेमतेम साडेचार तासांनी ती या महिन्याबाहेर पडते. रेवती धरून संक्रांत चार दिवस आधी घेतली की ती महिन्याच्या आत येते आणि हा महिना अधिक राहत नाही. मुलांना पेन्सिल देऊन दोन्ही हिशोब करायला लावा, सुट्टी आहेच.