टचपॅड रुसलाय: लिबइनपुट ठेवू, सिनॅप्टिक्स आणू की कर्नलला हात घालू?

कर्सर जागच्या जागी थरथरतो, मधेच कोपऱ्यात उडी मारतो, नाहीतर झाकण लावून उघडलं की मेल्यासारखा पडून राहतो. लिनक्सवाल्या लॅपटॉपवर टचपॅडची तक्रार बहुधा या तिघांतलीच असते. उपायही फिरून फिरून तेच तीन सुचवले जातात. आहे तो लिबइनपुट ड्रायव्हर ठेवून त्यालाच वळण लावा, जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर परत बसवा, किंवा टचपॅडशी बोलण्याचा रस्ताच कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, बदलून घ्या. मी एकाच लॅपटॉपवर तिन्ही करून पाहिलेत. उलट्या क्रमाने केले म्हणून दोन रविवार त्यात गेले.

आधी एक काम करा, त्याला टर्मिनलही लागत नाही. चार्जर काढा आणि बॅटरीवर पाच मिनिटं वापरून बघा. कर्सर शहाणा झाला तर दोष ड्रायव्हरचा नाही, अर्थिंगचा. बोटामुळे होणारा विद्युतभारातला बारीकसा फरक ओळखून टचपॅड चालतो. दोन पिनांचा स्वस्त चार्जर किंवा अर्थिंग नसलेला सॉकेट असेल तर त्यात खरखर मिसळते. आपल्याकडच्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनचं भोक असतं, पण त्यामागे वायर जोडलेली असेलच असं नाही. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगट फिरवताना बारीक मुंग्या आल्या तर समजून जा. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, दाबायला कडक लागत असेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा हे वाचणं सोडा आणि लॅपटॉप बंद करून दुरुस्तीला न्या.

आता खरी निवड. ती करायला दोन छोटी साधनं पुरतात: ईव्हीटेस्ट, आणि लिबइनपुटची डीबग-इव्हेंट्स ही कमांड. उबुंटू-डेबियनवर ही कमांड लिबइनपुट-टूल्स या पॅकेजमध्ये मिळते. टर्मिनलच्या दोन खिडक्या शेजारी उघडून दोन्ही सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, चालवा आणि बोट सावकाश फिरवा. ईव्हीटेस्टमध्ये कर्नलला काय मिळालं ते दिसतं, तर दुसऱ्या खिडकीत लिबइनपुटने त्यातलं काय पुढे पाठवलं ते. बोट फिरत असताना ईव्हीटेस्टच्याच ओळी थांबल्या, तर वरचा ड्रायव्हर बदलून काडीचा फरक पडणार नाही. ईव्हीटेस्ट धो धो ओळी ओततोय आणि लिबइनपुट गप्प आहे, तर लिबइनपुटने बहुधा तुमच्या बोटाला तळहात समजून किंवा स्पर्श फार हलका धरून बाजूला सारलंय. माझे दोन रविवार वाचले असते ते एवढ्याने.

लिबइनपुट आणि सिनॅप्टिक्स यांच्यातला फरक मुळात स्वभावाचा आहे. सिनॅप्टिक्समध्ये डझनावारी खुंट्या आहेत. दाबाची मर्यादा, कडेने स्क्रोल, बोट गोल फिरवून स्क्रोल, कोपऱ्यात टिचकी मारली की वेगळं बटण, सगळं तुमच्या हातात. लिबइनपुट याच्या नेमका उलट. खुंट्या मोजक्या, बाकीचं तो स्वतः ठरवतो. टाइप करताना टचपॅड बंद ठेवणं, तळहात ओळखणं, तीन-चार बोटांच्या खुणा हे सगळं त्यात अंगचंच आहे. सिनॅप्टिक्सला टायपिंगच्या वेळी गप्प बसवायला सिनडीमन नावाचा वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागतो. तीन बोटं सरकवून वर्कस्पेस बदलायची सवय असेल तर ती तिथे सोडून द्यावी लागेल.

बारीक छेडछाडीची आवड असणाऱ्यांना सिनॅप्टिक्स अजून प्रिय आहे आणि का, ते मला कळतं. बोट उचलल्यावरही घरंगळत राहणारं त्याचं स्क्रोल मलाही आवडायचं. लिबइनपुट ते काम ॲपवर सोडतो, त्यामुळे एका ॲपमध्ये पान घरंगळतं आणि दुसऱ्यात जागीच थबकतं. पण सिनॅप्टिक्स फक्त एक्स-ऑर्गवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर, चालतो. तुमचं सत्र तिच्या जागी आलेल्या वेलँडचं असेल तर पॅकेज बसवूनही काही बदलणार नाही, आणि बरेच जण नेमके इथेच फसतात. फेडोराने २०१५ मध्येच लिबइनपुट धरला. २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये तर ग्नोम या डेस्कटॉपचं एक्स-ऑर्ग सत्रच उरलं नाही. शिवाय सिनॅप्टिक्स आला की ग्नोमच्या सेटिंग्जमधली टचपॅडची बटणं नुसती शोभेची उरतात. मिंटच्या सिनॅमनसारख्या एक्स-ऑर्गवरच्या डेस्कटॉपवर असाल आणि बोटांच्या खुणांची गरज नसेल, तरच त्याचा विचार करा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

लिबइनपुटवर राहायचं ठरलं तर दोन गोष्टी तपासा. टॅप करून क्लिक होणं हे त्यात मुळात बंद असतं. काही डेस्कटॉप ते चालू करून देतात, काही देत नाहीत, आणि मग माणूस टचपॅड बिघडला म्हणून बोंबलतो. दुसरं म्हणजे दाब. हलक्या बोटाचा स्पर्श गळत असेल तर ईटीसी फोल्डरमधल्या लिबइनपुटच्या लोकल-ओव्हरराइड्स फाइलमध्ये तुमच्या मॉडेलपुरती दाबाची मर्यादा लिहिता येते. आकडा अंदाजाने टाकू नका, लिबइनपुटचं मेझर हे साधन तो मोजून देतं.

माझा रोग मात्र याच्याही खाली होता. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ‘लॉस्ट सिंक ॲट बाइट १’ अशी ओळ परत परत येत होती. बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅड अजून जुन्या पीएस/२ माऊसच्या वाटेने बोलतो. त्या वाटेवर सिनॅप्टिक्स या कंपनीचा टचपॅड (जुन्या ड्रायव्हरचं नाव तिच्यावरूनच) सेकंदाला जेमतेम ८० पाकिटं पाठवतो, एकेक ६ बाइटचं. त्यातला एखादा बाइट हरवला की पुढचा हिशेबच चुकतो. त्याच लॉगमध्ये कर्नल स्वतः सुचवत होता की हा टचपॅड दुसरी बसही, म्हणजे बोलण्याची दुसरी वाटही, वापरू शकतो, पीएसमाऊसचा (कर्नलमधला पीएस/२ सांभाळणारा भाग) सिनॅप्टिक्स-इंटरटच हा पर्याय १ करून बघा.

हे करताना थेट ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल बदलू नका. चालू होताना ग्रबच्या यादीत ई दाबून ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो पर्याय जोडा. तो तेवढ्या वेळेपुरताच लागू होतो. बिघडलं तर पुन्हा चालू केल्यावर सगळं पूर्ववत. जवळ यूएसबी माऊस असू द्या, कारण काही यंत्रांवर या पर्यायाने टचपॅड झोपेतून उठतच नाही. तसं झालं तर तो पर्याय सोडून द्या आणि पीएसमाऊस मॉड्यूल मॉडप्रोब या कमांडने काढून परत घाला. झोपेनंतरच्या मुक्या टचपॅडला एवढंही बऱ्याचदा पुरतं. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये टचपॅडसाठी बेसिक आणि ॲडव्हान्स्ड अशी निवड असते, तिथे हीच वाट कर्नलला हात न लावता बदलते.

सध्या माझ्याकडे इंटरटच १ वर आहे, वर लिबइनपुट, सत्र वेलँडचं. चार्जरची केबल तेवढी तीन पिनांची आणली, दीडशे रुपयांत.