ग्रामपंचायतीचं नळाचं पाणी: एका खानावळवालीचा अभिप्राय

हॉटेलांबद्दल, मोबाइलबद्दल लोक भरभरून अभिप्राय लिहितात. मी लिहितेय ते माझं पोट ज्यावर चालतं त्या सेवेबद्दल, म्हणजे आमच्या गावच्या नळपाणी योजनेबद्दल. गाव कवठे महांकाळ तालुक्यात, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात. स्टँडसमोर माझी खानावळ आहे. पहिली एसटी लागायच्या आत पिठलं-भाकरी तयार लागते, आणि त्याच्याही आधी दोन बॅरेल पाणी. घरच्या नळाची पाणीपट्टी वर्षाला 1,200 रुपये, खानावळीच्या नळाची दुप्पट.

आधी निकाल सांगते. आज ही सेवा चांगली आहे. 2022 मध्ये ती वाईट होती. विहीर तीच, टाकी तीच, पाइपलाइन तीच. मधे फक्त एक गोष्ट घडली, डिसेंबर 2022 ची ग्रामपंचायत निवडणूक.

त्याआधी पाणी चौथ्या दिवशी यायचं, आणि केव्हा ते कुणालाच ठाऊक नसायचं. रात्री दोनला सुटलं तर रात्री दोनला उठायचं. खालच्या आळीत धो-धो, वरच्या माळावरच्या वस्तीत तोटीतून नुसती हवा. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. खालच्या आळीत घरोघरी नळालाच मोटार जोडलेली. पाणी सुटलं की मोटारी चालू व्हायच्या आणि लाइनमधलं पाणी तिथंच ओढलं जायचं. वरच्या बायका भर उन्हात शेतातल्या विहिरीवरून घागरी आणायच्या. मी टँकरवाल्याला पैसे मोजायचे आणि ते ताटाच्या दरात चढवायचे, म्हणजे शेवटी ते ड्रायव्हर-कंडक्टर आणि शाळेतल्या मास्तरांच्या खिशातून जायचे.

मोटारी काढायला कायद्याची अडचण नव्हती. अडचण मतांची होती. आमच्याकडं एका वॉर्डात जेमतेम काहीशे मतदार, आणि सदस्य दहा-बारा मतांनी पडतो किंवा येतो. ज्या घरात आठ मतं आहेत त्या घरची मोटार कोण उचलणार? आधीच्या मंडळींनी ती पाच वर्षं उचलली नाही.

म्हणून 2022 ला आमच्या बचत गटानं प्रचाराला दारात येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारलं, मोटारी काढणार का? रस्ता नको, सभामंडप नको. सरपंच थेट मतदानानं निवडायचा होता आणि पद महिलेसाठी राखीव होतं. ज्या ताईंनी सगळ्यांसमोर हो म्हटलं त्या निवडून आल्या. त्या स्वतः वरच्या वस्तीतल्या, घागरी वाहिलेल्या. आणि कार्यालयात खुर्चीवर त्या स्वतः बसतात, त्यांचे मालक बसत नाहीत. सरपंचबाईंच्या नवऱ्यालाच सरपंच म्हणायची सवय आपल्याकडं अजून गेलेली नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

ग्रामसभेत ठराव झाला, दवंडी दिली, आठ दिवसांची मुदत दिली. मग पाणी सुटायच्या वेळी सरपंचताई, ग्रामसेवक आणि पाणी सोडणारा असे तिघं घरोघर फिरले आणि मोटारी उचलून कार्यालयात आणून ठेवल्या. पहिली मोटार ताईंच्या चुलत दिरांची. भांडणं झाली, भाऊबंदकीतलं बोलणं बंद झालं. पण त्याच आठवड्यात वरच्या वस्तीत हंडा भरला.

आता गावाचे चार भाग केलेत आणि व्हॉल्व्ह फिरवून दिवसाआड पाणी सोडतात. माझी पाळी पहाटे साडेपाचची. वेळ चुकणार असेल तर आदल्या रात्री मोबाइलवर निरोप येतो. व्यवसाय करणाऱ्या माणसाला पाणी किती येतं याच्याइतकंच केव्हा येतं हेही मोठं असतं.

पाण्याच्या चवीबद्दल तक्रार नाही. शुद्धतेबद्दल मी जास्त काटेकोर आहे, कारण माझ्या हातचं गाव जेवतं. माझी जाऊ गावची आशा सेविका आहे. ती नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकून बघते. पिवळा रंग आला तर टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, पडली आहे, रंग आला नाही तर त्या दिवशी टाकीत काही पडलेलं नाही. पूर्वी कितीतरी दिवस रंगच यायचा नाही. आरोग्य खातं वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, गावोगावच्या पाण्याची तपासणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. आमचं पिवळं होतं, आता हिरवं आहे. तुमच्या गावाचं कोणतं, हे कार्यालयात जाऊन जरूर विचारा.

उणिवाही आहेत. गटारीला लागून गेलेल्या लाइनची गळती काढायला फार दिवस लावले, आणि ती जागा शाळेजवळची होती. विहिरीवरची मोटार जळाली तर दुसरी तयार ठेवलेली नाही. वीजबिल थकतं, कारण बरीच चांगली घरंसुद्धा पाणीपट्टी भरत नाहीत. थकबाकीदारांची यादी फळ्यावर लावायला मात्र सदस्य कचरतात. तिथं अजून मतांची भीती आहे.

खानावळीत हा विषय निघाला की आमचे एक जुने गिऱ्हाईक, कांद्याचे व्यापारी, हात धुता धुता म्हणतात, “वहिनी, पाण्याचं सोडा. खरं मत दिल्लीचं. तिथनं एक कागद निघाला की आमचा बाजार बसतो.” त्यांचं खोटं नाही. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती 4 मे 2024 ला उघडली. लोकसभेचं आमचं मतदान होतं 7 मेला. माझ्या व्यवसायाच्या गॅस सिलिंडरचा दरही इथं ठरत नाही.

आणि पाण्याचंच बोलायचं तर ही टाकी आणि पाइपलाइन निवडणुकीआधीच आली ती जल जीवन मिशनमधून. 15 ऑगस्ट 2019 ला दिल्लीत घोषणा झाली, घरात नळ आणि माणशी रोज 55 लिटर. आपल्या राज्यात तिचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतं. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं ते म्हैसाळ योजनेचं आवर्तन सुटतं म्हणून. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून या माळावर चढवणं कुठल्याच ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नाही.

हे सगळं मान्य करूनही रोजच्या जगण्यासाठी मी ग्रामपंचायतीचं मत मोठं मानते. दिल्लीची टाकी गावात उभी राहिली तेव्हासुद्धा वरच्या वस्तीत तोटी कोरडीच होती. पाणी पुढं गेलं ते कुणीतरी चुलत दिराची मोटार उचलली तेव्हा. सांगली लोकसभेला 18 लाखांवर मतदार आहेत. तिथं मी मत देते आणि देत राहीन, पण निर्यात का बंद केली हे विचारायला खासदार मला भेटायचे कुठं? सरपंचताई मला दळपाच्या गिरणीत भेटतात. त्या रखडलेल्या गळतीचं मी त्यांना शेवटी तिथंच, चार बायकांसमोर विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी खड्डा खणायला माणूस आला.

एक गोष्ट मनाला लागते. ग्रामपंचायतीला पुण्या-मुंबईहून गाड्या करून मतदार आणतात. त्यातल्या बऱ्याच जणांना इथल्या नळाची वेळसुद्धा माहीत नसते, मत भावकी सांगेल तिकडं पडतं. जिल्हा परिषदेचं तर त्याहून वाईट. मार्च 2022 ला मुदत संपली आणि पुढं काही वर्षं तिथं प्रशासकच होते. गावाच्या पाणीयोजना ज्या खात्याकडं असतात ते खातं जिल्हा परिषदेतच. त्या काळात आमच्या योजनेचं उरलेलं काम विचारायला आमच्या जिल्हा परिषद गटाला, म्हणजे मतदारसंघाला, सदस्यच नव्हता. लोकसभा एवढी वर्षं रिकामी राहिली असती तर देश पेटला असता. आमच्या चौकात कुणी चकार शब्द काढला नाही.

येत्या ग्रामसभेसाठी मी दोन विषय लेखी दिलेत, पोच घेतली आहे. विहिरीवर जादा मोटार घ्यावी, आणि पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी कार्यालयाबाहेर लावावी. यादीत माझ्या सख्ख्या भावाचंही नाव येणार आहे, त्याला सांगून ठेवलंय.