वाळू, भुसा की बेंटोनाइट? मांजराच्या लिटर बॉक्समध्ये काय भरावे

सांगलीत मांजर पाळणाऱ्या घरांचे साधारण दोन प्रकार दिसतात. गावभाग, खणभाग किंवा आसपासच्या खेड्यांतील घरांत मांजर परसात जाऊन येते आणि त्याच्या शौचाचा वेगळा विचार कोणी करत नाही. विश्रामबागेतल्या किंवा मिरज रस्त्यालगतच्या अपार्टमेंटमध्ये मात्र पिल्लू घरात आले त्याच दिवशी हा प्रश्न उभा राहतो. पहिल्या प्रकारच्या घरांची निश्चिंती जूनपर्यंतच टिकते. परस चिखलाने भरले की तेच मांजर जिन्याखालच्या पोत्यांवर किंवा धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर जागा शोधते आणि मग काय आणावे याची घाईने चौकशी सुरू होते.

लोक विचारतात ते मात्र ‘शिकवायचे कसे’ हे. वास्तविक शिकवण्यासारखे त्यात फार थोडे आहे. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे कोरड्या प्रदेशातले आफ्रिकी रानमांजर. भुसभुशीत जागा उकरून मलमूत्र झाकण्याची प्रवृत्ती उपजतच असते आणि पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले की ते आपणहून उकरू लागते. जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर त्याला उचलून लिटर बॉक्समध्ये, म्हणजे वाळू-माती भरलेल्या ट्रेमध्ये ठेवणे, एवढे बहुतेक पिल्लांना पुरते. नाक घासणे, ओरडणे, चापट मारणे यांतून ते फक्त आपल्यासमोर न करण्याचे शिकते आणि पुढे पलंगाखाली लपून करते. निवड खरी करायची असते ती भरण्याच्या पदार्थाची, भांड्याची आणि जागेची.

वाळू हा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि वरकरणी सर्वांत स्वस्त पर्याय. नदीची धुतलेली, बारीक वाळू मांजराच्या पंजाला आवडते, त्यामुळे परसाची सवय असलेले मोठे मांजर ती लगेच स्वीकारते. पण येरळा, अग्रणीसारख्या नद्यांच्या पात्रांतून होणाऱ्या उपशावर निर्बंध आल्यापासून बांधकामावर सहज मिळते ती बहुधा क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. तिचे कण टोकदार असतात, दगडाची भुकटी उडते आणि ती पंजांना चिकटून घरभर पसरते. वापरायचीच झाली तर चाळून, धुऊन, उन्हात वाळवून घ्यावी. रस्त्याकडेच्या ढिगातून घमेलेभर वाळू उचलून आणणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण तो ढीग ही गल्लीतल्या सगळ्या मांजरांची हक्काची जागा असते आणि त्यांच्या जंतांची अंडी आपण हाताने घरात आणतो.

वाळूची मुख्य उणीव अशी की ती लघवी धरून ठेवत नाही. शी उचलता येते, पण लघवी तळाशी उतरून साचते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास येऊ लागतो. मग सगळी वाळू बदलावी लागते. तळमजल्यावर, ओसरीत किंवा पत्र्याच्या शेडखाली हे जमते. चौथ्या मजल्यावर दर आठवड्याला दोनदा ओल्या वाळूची बादली कोण उतरवणार, याचे उत्तर घरात आधी ठरले नाही तर वाळू महिनाभरात बंद पडते.

चुलीची राख अजूनही काही घरांत वापरली जाते. मांजरांना ती आवडते, वासही थोडा दबतो, पण ओली राख पंजांना लागते आणि फरशीवर पावलांचे ठसे उमटतात. ही तक्रार आपल्यापुरती नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1947 साली एड लो नावाच्या तरुणाने राख वापरणाऱ्या एका शेजारणीला द्रव शोषणाऱ्या मातीची पिशवी दिली आणि त्यातूनच दुकानात मिळणाऱ्या लिटरचा, म्हणजे मांजराच्या भांड्यात भरायच्या तयार पदार्थाचा, धंदा उभा राहिला.

त्या मातीची पुढची पायरी म्हणजे आज ‘गोळा होणारे लिटर’ म्हणून विकले जाणारे बेंटोनाइट. ही माती आपल्याकडे मुख्यतः गुजरातेतील कच्छ आणि राजस्थानातील बाडमेर भागात निघते. ओल लागली की तिचे कण फुगून एकमेकांना धरतात, त्यामुळे लघवीचा घट्ट गोळा तयार होतो आणि तो जाळीच्या चमच्याने अख्खा उचलता येतो. बाकीची माती कोरडी आणि वापरण्याजोगी राहते. वाळूत आणि यात खरा फरक आहे तो हाच. दुसरा फायदा असा की रोज किती गोळे निघतात, केवढे निघतात हे डोळ्यांना दिसते आणि मांजराच्या तब्येतीची ती आपोआप होणारी नोंद असते. थर सात सेंटीमीटरच्या आसपास हवा. पैसे वाचवण्यासाठी दोन बोटे माती पसरली तर लघवी तळाला पोचून चिखल बसतो, जो खरवडताना लिटर वाईट असल्याचा आपला समज होतो.

दोष यालाही आहेत. एका मांजराला महिन्याला साधारण पाच ते आठ किलो लागते. धूळ उडते, म्हणून दम्याचा त्रास असलेल्या मांजराला किंवा माणसाला कमी धुळीचा प्रकार पाहावा लागतो. दोन-तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्ले दिसेल ते तोंडात घालतात आणि फुगणारी माती पोटात जाणे धोक्याचे असते, तोवर त्यांना वाळू किंवा लाकडी गोळ्याच बऱ्या. सुगंधी लिटर घेऊ नये. तो लव्हेंडरचा किंवा लिंबाचा वास माणसाच्या नाकासाठी असतो; मांजराचे नाक कितीतरी तीक्ष्ण असल्याने ते तिकडे फिरकेनासे होते. पावसाळ्यात उघडी पिशवी हवेतली ओल शोषते, म्हणून उरलेली माती झाकणाच्या डब्यात ओतून ठेवावी.

भुशाबाबत थोडे बारकाईने पाहावे लागते. वखारीतला लाकडाचा भुसा जवळजवळ फुकट मिळतो आणि हलका असतो. पण तो केसांत अडकतो, आणि फर्निचरच्या कारखान्यातला असेल तर त्यात प्लायवूड व एमडीएफची डिंकमिश्रित धूळ असते, जी मांजराने पंजे चाटून पोटात घालणे बरे नव्हे. दाबून केलेल्या लाकडी गोळ्या, म्हणजे पेलेट, त्यापेक्षा पुष्कळ सरस. लघवी लागली की गोळीचा भुगा होतो आणि जाळीच्या तळाच्या ट्रेमधून तो खाली पडतो. धूळ कमी आणि लाकडाचा वास सौम्य असतो; मात्र टणक, जाड गोळ्यांवर उभे राहणे काही मांजरांना, विशेषतः वयस्करांना, पसंत पडत नाही. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात उसाची बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, वापरून पाहण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरावा: बगॅस ओलीने लवकर बुरसते आणि बुरशी लागलेल्या बगॅसच्या धुळीने माणसाला होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला वैद्यकात बगॅसोसिस असे स्वतंत्र नावच आहे.

सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेले टोफू लिटर हलके आणि कमी धुळीचे आहे, पण किलोमागे बेंटोनाइटपेक्षा बरेच महाग पडते, आणि दमट हवेत त्याला मुंग्या व बुरशी लागू शकते. ते संडासात टाकून पाणी सोडता येते असे पाकिटावर लिहिलेले असले तरी सोसायटीला सेप्टिक टँक असेल तर तसे करू नये. बेंटोनाइट तर संडासात कधीच टाकू नये, कारण ते पाइपमध्येच फुगते. सिलिकाचे खडे वास चांगला दाबतात, मात्र पायाखाली करकरतात.

माझे मत विचाराल तर अपार्टमेंटमधील मोठ्या मांजरासाठी बिनवासाचे, बारीक दाण्याचे बेंटोनाइट घ्यावे आणि पिल्लासाठी पहिले दोन-तीन महिने पेलेट किंवा चाळलेली वाळू. अंगण असलेल्या घरात वाळू पुरेशी आहे, पण पावसाळ्यापुरती एक टब बेंटोनाइटची घरात असू द्यावी. बदल करताना एकदम करू नये. आठ-दहा दिवस जुन्यात नवे मिसळत प्रमाण वाढवत न्यावे.

भांड्याबाबत दुकानदाराचा सल्ला आणि मांजराची सोय यांत बऱ्याचदा अंतर पडते. दुकानातला तयार ट्रे पूर्ण वाढलेल्या बोक्याला आखूड पडतो. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजराची जी लांबी भरते तिच्या दीडपट लांबीचे भांडे हवे, आणि ते भांड्यांच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या मोठ्या टबमध्ये निम्म्या पैशांत मिळते. एका बाजूची कड कापून घासून घेतली की पिल्लालाही आत जाता येते. घमेले सोयीचे वाटते, पण त्याच्या कडा तिरप्या असल्याने मांजर काठावर पाय देऊन बसते आणि भांडे कलंडते. एकदा तसे दचकलेले मांजर पुन्हा त्यात चढायला तयार होत नाही. झाकणाचा बॉक्स आपल्याला नीटनेटका दिसतो. काही मांजरांना तो चालतोही, पण आत वास कोंडतो आणि नजरेआड असल्याने सफाई टळते, म्हणून सुरुवात उघड्या टबने करावी. मांजरे असतील त्यापेक्षा एक भांडे जास्त, हा नियम दोन-तीन मांजरांच्या घरात पाळावाच लागतो. जागा शांत हवी, आणि अन्नपाण्यापासून दूर. वॉशिंग मशिनशेजारी तर नकोच.

एवढे करूनही मांजर बाहेर करू लागले तर तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखाव्यात. भिंतीवर किंवा पडद्यावर, उभ्याने, शेपटी थरथरवत थोडीशी उडवलेली लघवी ही हद्द आखण्याची खूण असते. लिटर बदलून ती थांबत नाही, नसबंदीने बहुतेक बोक्यांमध्ये थांबते किंवा पुष्कळ कमी होते. गादीवर, पायपुसण्यावर भरपूर केलेली लघवी बहुधा भांड्याविषयी नाराजी सांगते: दिवसातून एक-दोनदा सफाई होते का, लिटरची कंपनी बदलली का, भांडे हलवले का, घरात पाहुणे किंवा नवे जनावर आले का, हे त्या क्रमाने तपासावे. तिसरा प्रकार आजाराचा. मांजर वारंवार भांड्यात जाऊन बसते, कण्हते, थेंबभरच होते किंवा रक्त दिसते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबू शकतो, आणि लघवी पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसण्याची ही वेळ नव्हे. रात्र असली तरी पशुवैद्यकाला फोन करावा.

बाहेर केलेली जागा पुसण्यासाठी आपल्याकडे हात आपोआप फिनेलच्या बाटलीकडे जातो. काळे असो वा पांढरे, फिनेल मांजराच्या घरात ठेवू नये. फिनॉलसारखे पदार्थ पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते आणि फरशीवरचे फिनेल पंजे चाटताना थेट पोटात जाते. ब्लीचही नको, कारण लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घातक वायू तयार होतो. एन्झाइमयुक्त क्लीनर मिळाला तर उत्तम, नाहीतर आधी पाणी, मग पातळ व्हिनेगर आणि वाळल्यावर खाण्याचा सोडा. वास पूर्ण गेला नाही तर मांजर त्याच जागी परत येते.

सफाई रोज करण्यामागे वासाखेरीज आणखी एक कारण आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी काही मांजरांच्या शीतून बाहेर पडतो, पण त्याची अंडी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. घरात गर्भवती असेल तर हे काम दुसऱ्याने करावे, आणि वापरलेले लिटर परसातल्या भाजीच्या वाफ्यात टाकू नये. ते कागदात घट्ट गुंडाळून घंटागाडीत द्यावे.

कृष्णाकाठच्या वस्त्यांना या निवडीत एक जास्तीचा विचार करावा लागतो. 2005, 2019 आणि 2021 या वर्षी पूर आला तेव्हा अनेकांना मांजरासह वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे जावे लागले. केवळ परसाची सवय असलेले मांजर अशा वेळी शी-लघवी रोखून धरते किंवा सापडेल तिथे करते, त्यामुळे पूररेषेतल्या घरात मांजराला वर्षभर निदान एका टबची ओळख राहू द्यावी. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचे पाणी वाढू लागल्याच्या बातम्या येताच पाच किलोची कोरडी पिशवी आणि टब वर नेऊन ठेवावा. बरोबर त्याच टबमधले दोन ओंजळी वापरलेले, पण शी काढलेले लिटर डब्यात घ्यावे आणि नव्या जागी ते वर पसरावे, म्हणजे ओळखीच्या वासाने मांजर पहिल्याच रात्री भांड्यात जाण्याची शक्यता बरीच वाढते.