जुन्या गाडीला पाण्याची बॅटरी घ्यावी की सीलबंद?

आठ-दहा वर्षं चाललेली मोटरसायकल घेतली की सेल्फ एक ना एक दिवस दगा देतोच. मग दुकानात काउंटरवर दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी येतात. एक पाण्याची: दुधी डबा, वर सहा बुचं, कडेला नळी. दुसरी काळी, सीलबंद, जिला आपल्याकडे सगळेच ड्राय म्हणतात. आत अ‍ॅसिड तिच्यातही असतं, फक्त ते काचतंतूंच्या पातळ गादीत मुरलेलं असतं. दुकानदार बहुतेक वेळा काळीच पुढे सरकवतो. मी दोन्ही वापरल्यात, एकाच गाडीत आणि एकाच रस्त्यावर. साताऱ्याहून मेढ्याला रोज जाऊन-येऊन, आणि जावळीतला पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको.

त्याआधी बॅटरी घ्यायलाच हवी का, ते बघा. साधा मल्टीमीटर असला तरी दहा मिनिटांत कळतं. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे निम्म्यावर आलेली. आता सेल्फ मारा आणि काटा बघा. 10 च्या बराच खाली गेला तर बॅटरीत दम नाही. काटा 12 वरच थांबला आणि नुसता टक् असा आवाज आला, तर बॅटरीला सोडा आणि रिले, सेल्फ मोटरचे कार्बन, इंजिनला येणारी अर्थची वायर यांच्याकडे वळा. आवाजच नाही तर फ्यूज आणि क्लचचा स्विच. रात्रभर चार्ज करूनही 10.5 च्या आसपासच अडकली असेल, तर सहापैकी एक सेल, म्हणजे आतला एक कप्पा, गेला, तिथे उपाय नाही.

माझी गाडी 2012 ची, दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली. 2021 मध्ये घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिच्यात सीलबंद बॅटरी बसवलेली होती. मूळ कंपनीची पाण्याची होती, हे मला नंतर कळलं. पहिल्याच ऑगस्टात, सकाळी एका टिचकीत सुरू झालेली गाडी संध्याकाळी मेढ्याच्या स्टँडजवळ टक् करून थांबली. पावसात दहा-बारा किका मारल्यावर निघाली. बॅटरी जुनी असेल म्हणून नवी घेतली, तीही सीलबंद, दुकानातली सगळ्यात महागडी. ती नऊ महिने टिकली. या वेळी कण्हेर धरणाच्या अलीकडे, रात्री साडेआठला. सकाळपर्यंत कसलीही कुरकुर नव्हती, हॉर्न नीट वाजत होता, इंडिकेटर लुकलुकत होते. वॉरंटीचं कार्ड घेऊन गेलो तर बॅटरी तपासून सांगितलं की चार्जिंग जास्त होतंय, हे वॉरंटीत बसत नाही. त्यांचं चूक नव्हतं, पण मला हे नऊ महिन्यांत कधीच का दिसलं नाही, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

माझा निर्णय झाला तो याच एका गोष्टीमुळे. सीलबंद बॅटरी बिघाड होतोय हे सांगत नाही. एकदम मरते.

तिसऱ्या वेळी पैसे कमी होते म्हणून पाण्याची घेतली, खरं सांगायचं तर दुसरं काही कारण नव्हतं. तीन आठवड्यांनी सहज साइड पॅनेल काढलं. दुधी डब्यावर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात. पाणी सहाही कप्प्यांत खालच्या रेघेला टेकलेलं. डिस्टिल्ड वॉटर घालून वर आणलं, पुन्हा तीन आठवड्यांत तेच. गोडोलीतल्या माझ्या मेकॅनिककाकांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘अवो, बॅटरीला कशाला दोष देताय? पाणी कोण पितंय ते बघा की.’’ त्यांनी गाडी चालू ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि मीटर माझ्यापुढे धरला. 15.6. हा आकडा साडेचौदाच्या वर जाऊ नये. आरआर युनिट, म्हणजे कॉईलमधून येणारी वीज आवरून बॅटरीला देणारा तो पंख्यांसारख्या पट्ट्यांचा डबा, गेलेला होता. मागच्या वर्षभरात हेडलाइटचे दोन बल्ब उडाले होते तेही याचमुळे, हे तेव्हा लक्षात आलं.

जास्त व्होल्टेज मिळालं की बॅटरीतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होतं. सीलबंद बॅटरीत हे वायू आतच पुन्हा पाणी होतात, पण तेही एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे झडप उघडते, वायू निघून जातो आणि ते पाणी परत घालायची सोय नसते. पाण्याच्या बॅटरीतही तेच होतं, पण ते डोळ्यांना दिसतं आणि वीस-पंचवीस रुपयांच्या बाटलीने भरून येतं. आरआर युनिट बदलल्यावर माझ्या बॅटरीचं पाणी आता तीन महिन्यांतून एकदा, तेही बोटभर नाही, इतकंच घालावं लागतं. चौथं वर्ष चालू आहे.

आता सीलबंदवर अन्याय नको. गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर ती आपलं चार्ज जास्त दिवस धरून ठेवते. गाडी आडवी पडली तर सांडत नाही. पाण्याच्या बॅटरीची खरी कटकट तिची नळी आहे. ती वायू आणि अ‍ॅसिडचे थेंब खाली सोडते, आणि नळी निखळली किंवा आखूड पडली तर चेनवर आणि स्विंग आर्मवर रंग उडायला लागतो. माझ्या गाडीवर हाताच्या पंजाएवढा डाग आहे, अजून आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते, ती सोड्याच्या पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावावं लागतं. नळी कुठे दाबली जात नाही ना, हेही बघायचं, कारण वायूला वाट नसेल तर डबा फुगतो. ज्यांना पॅनेल उघडायचाच कंटाळा आहे त्यांनी पाण्याची घेऊ नये. कोरड्या कप्प्यांची पाण्याची बॅटरी कुठल्याही सीलबंदपेक्षा लवकर संपते.

2020 नंतरची, इंजेक्शनची गाडी असेल तर माझं मत बाजूला ठेवा. कंपनीने सीलबंद दिली असेल तर तीच घ्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना किकच नाही, आणि पेट्रोलचा पंप, इंजेक्शन सगळंच बॅटरीवर. तिथे बॅटरीशी प्रयोग नकोत. पण गाडी कार्बोरेटरची आहे, किक आहे, आधीच्या मालकाने वायरिंगमध्ये काय काय जोडलंय हे तुम्हाला ठाऊक नाही, अशा वेळी मी निदान पहिलं वर्ष तरी पाण्याचीच घेईन. तिच्यातून गाडीची तब्येत दिसते. सगळ्या कप्प्यांत पाणी सारखं उतरत असेल तर चार्जिंग तपासा. एकाच कप्प्यात भराभर उतरत असेल तर तो सेल जातोय, सेल्फ बंद पडायच्या आधी हातात काही आठवडे आहेत. हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी, असेल तर भरलेल्या सेलमध्ये 1.26 ते 1.28 दिसायला हवं, आणि पाच सेल तिथे असताना सहावा 1.20 ला असेल तर बोलायलाच नको. हे सीलबंदमध्ये करताच येत नाही.

पाणी घालताना फक्त डिस्टिल्ड. आरओचं चालत नाही, आणि पातळी उतरली म्हणून अ‍ॅसिड तर कधीच घालू नका, अ‍ॅसिड उडून जात नसतं. खोलताना आधी वजा टर्मिनल काढा, बसवताना ते शेवटी लावा.

आणि नवी घेताना घाई करू नका. दुकानात अ‍ॅसिड भरून अर्ध्या तासात हातात देतात, सेल्फ लगेच लागतोही, म्हणून आपण खूश होऊन निघतो. पण पहिलं चार्जिंग सावकाश व्हावं लागतं. माझ्या 9 एएचच्या, म्हणजे 9 अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीला 0.9 अँपिअर, म्हणजे क्षमतेचा दहावा भाग, असं दहा तास. मी पोवई नाक्यावरच्या दुकानात संध्याकाळी पैसे देऊन बॅटरी चार्जिंगला ठेवून आलो आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आलो. त्या रात्रीपुरतं किकवर भागवा.